सात तलाव आणि एक सरासरी: शाळेतली सांख्यिकी प्रश्नापासून शिकवायची तर

पावसाळा सुरू झाला की मुंबईतल्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटा तक्ता येतो. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी अशी सात नावं, आणि प्रत्येकापुढे आजचा पाणीसाठा. मग एखाद्या सकाळी ठळक बातमी येते: तुळशी भरून वाहू लागला. घराघरांत हुश्श होतं. आता पाणीकपात टळली, असं लोक धरून चालतात.

हा तक्ता म्हणजे नववी-दहावीच्या सांख्यिकीचा आयता धडा आहे. तो वर्गात कसा न्यायचा, हे आधी नीट बघू. 'समस्या-आधारित अध्ययन' हे भारदस्त नाव नंतर आपोआप कळेल.

समजा, जुलैच्या मध्यावरची स्थिती अशी आहे (हे टक्के वर्गासाठी रचलेले आहेत): तुळशी 100 टक्के, विहार 100, मोडकसागर 80, तानसा 80, मध्य वैतरणा 50, अप्पर वैतरणा 40, भातसा 40. मुलांच्या हातात एवढंच द्यायचं आणि खाली प्रश्न लिहायचा: 'तुम्ही महापालिकेत जल अभियंता आहात. उद्यापासून पाणीकपात लावायची की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत सांगायचं आहे. काय सांगाल? कशाच्या आधारावर?'

सरासरी काढा, असं कुठेही म्हटलेलं नाही. तरी मुलं तीच काढतात, कारण हात तिकडेच वळतो. सातही टक्क्यांची बेरीज 490, भागिले सात, उत्तर 70 टक्के. जुलैतच 70 टक्के म्हणजे चिंता नाही. दुसऱ्या गटातल्या कुणाला मध्यक आठवतो. टक्के चढत्या क्रमानं लावले की मधला येतो 80. म्हणजे चित्र आणखी चांगलं! कुणी बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा, शोधायला जातं, तर 40, 80 आणि 100 तिन्ही दोन-दोनदा आलेले दिसतात. वर्ग जवळपास एकमतानं ठरवतो की कपात नको.

इथे शिक्षकानं गप्प बसायचं. हे जड जातं, पण याच शांततेत कुणीतरी विचारतं, 'बाई, पण तुळशी तर छोटासा आहे ना?' बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला तलाव म्हणून काहींना तो ठाऊक असतो. हा प्रश्न आला की दुसरा कागद वाटायचा. त्यावर प्रत्येक तलावाची पूर्ण क्षमता असते, दशलक्ष लिटरमध्ये: भातसा 7,17,037, अप्पर वैतरणा 2,27,047, मध्य वैतरणा 1,93,530, तानसा 1,45,080, मोडकसागर 1,28,925, विहार 27,698, तुळशी 8,046. हे आकडे खरे आहेत. बेरीज 14,47,363.

आता वर्गातला सूर बदलतो. एकटा भातसा म्हणजे जवळजवळ निम्मी मुंबई. तुळशी एक टक्काही नाही. तुळशी काठोकाठ भरला तरी मुंबईच्या साठ्यावर त्याचा परिणाम अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मुलं पुन्हा हिशेब मांडतात: प्रत्येक तलावाची क्षमता गुणिले त्याचा टक्का, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्षमता. साठा येतो साधारण 7,29,000 दशलक्ष लिटर, म्हणजे 50 टक्के. सत्तरही नाही, ऐंशीही नाही.

या फरकाची किंमत दिवसांत काढता येते, आणि ती काढायला लावावीच. मुंबईला रोज सुमारे 3,900 दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं असं धरलं, तर 70 टक्के साठा म्हणजे 260 दिवसांचं पाणी आणि 50 टक्के साठा म्हणजे 187 दिवसांचं. गणित चुकलेलं नाही, भागाकार बरोबर आहे, तरी निवडलेल्या सरासरीनं जवळजवळ अडीच महिन्यांचं पाणी कागदावर जास्त दाखवलं.

आणि आता दहावीचं पाठ्यपुस्तक उघडायचं. वर्गीकृत वारंवारता सारणीवरून (आकड्यांचे गट आणि प्रत्येक गटात किती नोंदी, हे दाखवणारा तक्ता) सरळ पद्धतीनं मध्य, म्हणजे सरासरी, काढताना आपण काय करतो? प्रत्येक वर्गमध्याला (गटाच्या मधल्या आकड्याला) त्याच्या वारंवारतेनं (त्या गटातल्या नोंदींच्या संख्येनं) गुणतो, गुणाकार मिळवतो आणि वारंवारतांच्या बेरजेनं भागतो. वर्गमध्याच्या जागी तलावाचा टक्का आणि वारंवारतेच्या जागी त्याची क्षमता ठेवा, तेच सूत्र. ते मुलांनी दहा मिनिटांपूर्वी स्वतः वापरलेलं असतं, कारण त्याशिवाय त्यांच्या प्रश्नाचं उत्तर निघत नव्हतं. मला या पद्धतीबद्दल जी आस्था आहे ती याच क्षणामुळे. सूत्र कशासाठी आहे हे मुलाला आधी कळलेलं असतं आणि सूत्राचं नाव नंतर कळतं.

नाव आणि गाव

समस्या-आधारित अध्ययनाचं मूळ गणितात नाही, वैद्यकीय शिक्षणात आहे. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठानं 1969 साली आपल्या नव्या वैद्यकीय शाळेत ही पद्धत सुरू केली. हॉवर्ड बॅरोज यांचं नाव तिच्याशी जोडलं जातं. तोवर भावी डॉक्टर आधी वर्षानुवर्षं शरीररचना, जीवरसायन वगैरे पाठ करायचे आणि रुग्ण नंतर भेटायचा. मॅकमास्टरमध्ये छोट्या गटाच्या हातात सुरुवातीलाच एका रुग्णाची हकीकत दिली जाऊ लागली. याला काय झालं असेल, ते ठरवायला आपल्याला काय माहीत आहे, काय शोधावं लागेल, हे गटानं ठरवायचं. शिक्षक सोबत असायचा, पण उत्तर सांगायला नाही.

शाळेत याची दोन गोष्टींशी गल्लत होते. एक म्हणजे शाब्दिक उदाहरण. 'एका कारखान्यातील 50 कामगारांचे दैनिक वेतन खाली दिले आहे, मध्य काढा' या वाक्यात कारखाना आहे, कामगार आहेत, पण समस्या नाही. मध्य कुणाला हवाय, त्यावरून कुणी काय ठरवणार आहे, हे त्यात कुठेच नाही. कामगार काढून आंबे घातले तरी काही बिघडत नाही. दुसरी गल्लत प्रकल्पाशी. धडा शिकवून झाल्यावर घरी करून आणायचा, बऱ्याचदा पालकांनी किंवा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं सजवलेला कार्डपेपर म्हणजे प्रकल्प. समस्या धड्याच्या आधी येते आणि वर्गातच सुटते. सगळा फरक या क्रमाचा आहे.

सांख्यिकीला हा क्रम विशेष मानवतो, कारण तो विषय जन्मलाच तसा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 साली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली. बंगालात तागाचं पीक किती येणार, हे सगळी शेतं न मोजता कसं सांगायचं, या प्रश्नातून त्यांच्या नमुना पाहण्यांना आकार आला. त्याच काळात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे पिकांच्या अंदाजावर काम करत होते. दोघांचा एक गाजलेला मतभेद वर्गात सांगण्याजोगा आहे. शेतातला अगदी लहान तुकडा निवडून त्यातलं पीक कापून मोजलं, तर उत्पादनाचा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त येतो, असं सुखात्म्यांनी दाखवलं. का? तुकड्याच्या कडेवर येणारी रोपं आत धरायची की बाहेर, हे ठरवताना माणूस ती आत धरतो. तुकडा जितका लहान, तितकी कड मोठी आणि तितकी चूक मोठी. नववीच्या मुलाला हे पाच मिनिटांत कळतं आणि 'मोजमापातला कल' ही गोष्ट व्याख्येविना डोक्यात बसते.

ऑकलंड विद्यापीठातल्या ख्रिस वाइल्ड आणि मॅक्सीन फॅनकुक यांनी 1999 साली सांख्यिकी विचाराचं एक चक्र मांडलं: समस्या, आराखडा, माहिती, विश्लेषण, निष्कर्ष. निष्कर्षातून पुन्हा नवी समस्या. आपल्या वर्गांत बहुतेक वेळ चौथ्या टप्प्यावर जातो. माहिती तयार सारणीत मिळते, समस्या आणि आराखडा पुस्तकानंच उरकलेला असतो, आणि निष्कर्ष म्हणजे उत्तराखाली दोन रेघा. साहित्य तयार करणाऱ्याचं काम म्हणजे हे सुटलेले टप्पे मुलांना परत देणं.

समस्या चांगली कशावरून?

कसोटी एकच धरली तरी पुरते: वेगळ्या पद्धतीनं हिशेब केला तर निर्णय बदलतो का? तलावांच्या उदाहरणात बदलतो. जिथे बदलत नाही, तिथे ती समस्या नसून सराव आहे. सरावाची गरज आहेच, त्याला जागाही द्यावी, पण त्याला समस्या म्हणू नये.

दोन लोकलचं उदाहरण घ्या. एका मुलीला दहावीच्या पेपरला ठाण्याहून दादरला जायचंय. दहा दिवस तिनं दोन गाड्या दादरला किती मिनिटं उशिरा पोचल्या ते टिपलं, असं समजू. ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल: 4, 5, 4, 6, 5, 4, 5, 6, 5, 6. कर्जतहून येणारी फास्ट: 0, 1, 0, 2, 0, 1, 0, 25, 0, 1. स्लोचा सरासरी उशीर 5 मिनिटं, फास्टचा 3. मध्यक घेतला तर फास्टचा उशीर अर्धाच मिनिट. मग फास्ट चांगली?

रोजच्या कॉलेजला असेल. पेपरच्या दिवशी मात्र तिला सरासरी गाडी मिळणार नसते, त्या दिवशीची एक गाडी मिळणार असते. स्लो गाडीचा सगळ्यात मोठा उशीर 6 मिनिटं, दहा मिनिटं आधी निघालं की विषय संपला. फास्टची ती एक 25 तिला रडवू शकते. इथे मुलांना विस्तार भेटतो, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते, आणि कधी कधी सरासरीपेक्षा तो महत्त्वाचा असतो हेही. मग कुणी विचारतं, 'सर, दहा दिवसांतून एकदा 25 मिनिटं, म्हणजे महिन्यातून तीनदा होईल का?' दहा नोंदींवरून एवढं छातीठोक सांगता येत नाही, ही चर्चा सुरू झाली की नमुन्याचा आकार हा विषय मुलांनीच आणलेला असतो. आणि एखादी मुलगी हमखास म्हणते, 'पण कर्जत फास्टमध्ये ठाण्याला चढायला तरी मिळतं का?' हे उत्तर खोडू नका. आकड्यांत न आलेली गोष्ट निर्णयात किती मोठी असते, हे तिनं ओळखलेलं असतं.

काही समस्यांचं बरोबर उत्तर 'सरासरी काढू नका' हेच असतं. 26 जुलै 2005 रोजी चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत 944 मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्यात सुमारे 73. दोन्हींची सरासरी येते 508 मिलीमीटर. एवढा पाऊस त्या दोन्ही ठिकाणी पडलेला नाही. उपनगरात माणसं बुडत असताना कुलाब्यात साधा पावसाळी दिवस होता, आणि ही सरासरी दोघांनाही खोटं पाडते. त्या वर्षी जन्मालाही न आलेल्या मुलांना आईवडिलांकडून त्या दिवसाच्या गोष्टी ऐकलेल्या असतात, त्यामुळे आकडा त्यांना लगेच भिडतो. एक पथ्य मात्र पाळावं. ज्या घरानं त्या दिवशी माणूस गमावलं, त्या घरातलं मूल आपल्या वर्गात असू शकतं. समस्या पावसाच्या मोजमापाची ठेवावी, मृत्यूंच्या आकड्यांची नको.

कागदावर काय असावं

समस्या सापडली की कृतिपत्रिका लिहायची. इथे बहुतेक साहित्य फसतं, आणि ते साधारण एकाच प्रकारे फसतं. मुलांना मदत व्हावी म्हणून आपण समस्येचे तुकडे करतो. तलावांचंच बघा. 'अ) सात टक्क्यांची सरासरी काढा. आ) प्रत्येक तलावाची क्षमता व टक्केवारी यांचा गुणाकार करा. इ) एकूण साठा काढा. ई) दोन्ही उत्तरांची तुलना करा.' झालं. समस्या संपली, उरली पाककृती. क्षमता लागेल हे मुलांना सुचायला हवं होतं, ते आपणच सुचवून टाकलं. म्हणून क्षमतेचा कागद वेगळा ठेवायचा आणि कुणी मागितल्याशिवाय द्यायचा नाही. मागणं हेच त्या तासाचं शिकणं आहे.

पण मग कुणीच मागितला नाही तर? ही भीती खरी आहे. 2006 साली पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी अशा पद्धतींवर कडक टीका केली. नवशिक्याला फारसं मार्गदर्शन न देता समस्येत सोडलं, तर त्याच्या कार्यरत स्मृतीवर (विचार करताना गोष्टी मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर) इतका ताण येतो की शिकणं होतच नाही, असं त्यांचं म्हणणं. ते मनावर घ्यावं. ज्या मुलाला टक्केवारीच पक्की येत नाही, त्याच्यापुढे सात तलाव ठेवणं अन्याय आहे. म्हणून पत्रिकेसोबत इशारा-चिठ्ठ्या हव्यात, आणि त्या पायरीपायरीनं मोकळ्या होणाऱ्या हव्यात. पहिली चिठ्ठी: 'तुळशी रिकामा झाला तर मुंबईचं काय होईल? आणि भातसा रिकामा झाला तर?' एवढ्यानं बरेच गट मार्गी लागतात. दुसरी: 'एका बादलीचे 100 टक्के आणि एका टाकीचे 40 टक्के, पाणी कुठे जास्त?' तिसऱ्या चिठ्ठीत दोनच तलावांचं सोडवलेलं उदाहरण. ती शिक्षकाच्या खिशात राहावी, पण असावी.

आकडे किती खरे ठेवायचे? 7,17,037 गुणिले 0.40 करताना मुलं आकडेमोडीत अडकतात आणि मूळ प्रश्न हातातून सुटतो. हजार दशलक्ष लिटर असा एकक घेतला तर क्षमता होतात 717, 227, 194, 145, 129, 28 आणि 8. उत्तर तेच येतं. अचूक आकडे शिक्षकाच्या पानावर असावेत. पत्रिकेवरचा मजकूर आठ-दहा ओळींच्या वर जाऊ नये, वाक्यं छोटी असावीत, कारण मुंबईतल्या मराठी शाळेतही घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं असतात. महापालिकेच्या शाळा तर आठ माध्यमांत चालतात. एखादी समस्या त्यांतल्या दुसऱ्या माध्यमात न्यायची झाली तर कमी शब्दांची पत्रिका लवकर जाते.

मुंबईच्या वर्गाची मापंही लक्षात घ्यावी लागतात. साठ मुलं, हलवता न येणारे बाक, पस्तीस मिनिटांचा तास आणि मागे लागलेला पोर्शन. पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळायचं, की चार-सहा जणांचा गट होतो. प्रत्येक मुलाला कागद नको, गटाला एक पुरतो. त्यानं झेरॉक्सचा खर्चही वाचतो आणि एकाच कागदावर डोकी एकत्र येतात. एक समस्या दोन तासांत बसवावी, जोडतासिका मिळाली तर उत्तम. पहिला तास निर्णयापर्यंत, दुसरा त्या निर्णयाची चिरफाड आणि पाठ्यपुस्तकाशी जोडणी. सत्रात दोन किंवा तीन समस्या पुष्कळ झाल्या. सगळा धडा असा शिकवायचा हट्ट धरू नये. आयतालेख (वारंवारता उभ्या आयतांनी दाखवणारा आलेख) काढण्याची रीत सरळ फळ्यावर दाखवलेलीच बरी.

मुलांनी गोळा केलेली माहिती

दुसऱ्याचे आकडे वापरण्याला मर्यादा आहे. मोजण्यात किती गोंधळ असतो हे स्वतः मोजल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी दप्तराचं ओझं हा विषय हाताशी आहे. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं. मग समस्या अशी: 'आपल्या शाळेत दप्तरं जड आहेत का? मुख्याध्यापकांना एक पानी पत्र लिहायचं आहे.'

पहिल्याच मिनिटाला प्रश्नांचा पाऊस पडतो. कुठल्या दिवशी मोजायचं, सोमवारी की अर्ध्या शाळेच्या शनिवारी? पाण्याची बाटली धरायची का? डबा? ज्यांना मोजून घ्यायचंय त्यांनी हात वर करा म्हटलं तर जड दप्तरवालेच पुढे येतील, मग? शेवटी वर्ग हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकण्यावर येतो. बॅग लटकवायचा हुकाचा काटा एक असला तरी पुरतो. प्रत्येक गटानं दहा-दहा चिठ्ठ्या काढायच्या आणि आपापली सरासरी फळ्यावर लिहायची. गट सहा, सरासऱ्या सहा, आणि सगळ्या वेगळ्या. 'मग बरोबर कुणाची?' हा प्रश्न मुलांनी विचारला की थोडं थांबा. सगळ्यांचीच बरोबर आहे, आणि तरीही त्या वेगळ्या आहेत, ही सांख्यिकीतली सगळ्यात खोल गोष्ट आहे. मग वीस-वीस चिठ्ठ्या काढून बघायच्या. सरासऱ्या एकमेकींच्या जवळ सरकायला लागतात.

इथे माझा एक आग्रह आहे. दप्तराचं वजन सगळ्यांसमोर करा, मुलांचं करू नका. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं वजन वर्गासमोर वाचून दाखवण्याची किंमत कुठल्याही धड्यापेक्षा मोठी आहे. वजन ज्यानं त्यानं चिठ्ठीवर लिहावं, नाव न घालता, आणि ओझ्याचा टक्का स्वतःच काढून तेवढाच द्यावा. हेच घराबद्दलच्या माहितीचं. घरात खोल्या किती, माणसं किती, शौचालय घरात की बाहेर, हे प्रश्न आकड्यांच्या दृष्टीनं फार बोलके असतात आणि या शहरातल्या मुलाला फार बोचतातही. तशी माहिती हवीच असेल तर जनगणनेची घ्यावी. 2011 च्या जनगणनेत मुंबई शहर आणि उपनगर मिळून लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख आहे, आणि घरांबद्दलचे तक्तेही त्यात आहेत. आरोग्याबद्दल हवं असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आहे. त्याचं काम आपल्याच देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असतं.

तपासून बघणं

साहित्य विकसित करण्याची एक जुनी चौकट शिवशैलम थियागराजन आणि सहकाऱ्यांनी 1974 साली मांडली: गरज ठरवा, आराखडा करा, तयार करून तपासा, मग पसरवा. आपण बहुतेकदा दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर उडी मारतो. रात्री पत्रिका टाइप केली की सकाळी व्हॉट्सअॅपच्या गटात टाकून मोकळे. मधली पायरी कष्टाची आहे, पण तिच्याशिवाय साहित्य होत नाही.

तपासणीत तीन प्रश्न विचारायचे. विषयाच्या दृष्टीनं हे बरोबर आहे का? वर्गात खरोखर चालतं का? त्यानं मुलं शिकतात का? पहिल्यासाठी विषय जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाला दाखवावं. दुसऱ्यासाठी शाळा सुटल्यावर पाच-सहा मुलांसोबत बसावं आणि पेन्सिली कुठे थांबतात ते बघावं. पेन्सिल थांबली आणि मुलं बोलू लागली तर समस्या बरी आहे. पेन्सिल थांबली आणि मुलं शिक्षकाकडे बघू लागली तर वाक्य वाईट लिहिलं गेलंय. खरी परीक्षा मात्र पुढची: पत्रिका आणि शिक्षकाचं पान दुसऱ्या शाळेतल्या, आपल्याशी एक शब्दही न बोललेल्या शिक्षकाला द्यावं. लिहिणाऱ्याच्या हातात सगळंच चालतं. त्यामुळे शिक्षकाच्या पानावर उत्तरांपेक्षा 'मुलं काय म्हणतील आणि तेव्हा काय विचारावं' याला जागा जास्त हवी. 'तुळशी छोटा आहे' हे पाचव्या मिनिटालाच कुणी बोललं तर काय करायचं, हेही त्यात हवं.

गुण कसे द्यायचे, हा प्रश्न शिक्षक सगळ्यात आधी विचारतात, आणि तो रास्त आहे. बोर्डाच्या पेपरात मध्य काढायचाच असतो. म्हणून चाचणीतला एखादा प्रश्न असा बेतता येतो: पाच गुणांपैकी दोन हिशेबाचे, दोन कुठलं माप निवडलं आणि का याचे, एक 'आणखी कोणती माहिती हवी होती' याचा. दोन लोकलच्या प्रश्नाला एकानं लिहिलं, 'स्लो, कारण पेपर चुकवून चालणार नाही.' दुसऱ्यानं लिहिलं, 'फास्ट, पण आधीची एक गाडी पकडून, म्हणजे 25 मिनिटं उशीर झाला तरी वेळेत.' उत्तरं उलट आहेत, दोन्हींना पूर्ण गुण. 'फास्ट, कारण सरासरी कमी' याला हिशेबाचे दोन द्यायचे आणि निवडीचे कापायचे. असे तीन-चार नमुने शिक्षकाच्या पानावर आधीच छापले, तर तपासताना दोन शिक्षकांचे गुण फारसे वेगळे पडत नाहीत, आणि आपल्या पाल्याचे गुण का कापले असं विचारायला आलेल्या पालकांनाही ते दाखवता येतात.